जर्मन हाफ-ट्रॅकची स्केल मॉडेल्स आणि ऐतिहासिक अचूकता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर नेमक्या कोणत्या गाड्यांविषयी माहिती आहे?

पुढे दोन साधी चाके आणि मागे रणगाड्यासारखे पट्टे असलेल्या गाडीला हाफ-ट्रॅक म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याकडे अशा गाड्यांचे मोठे कुटुंबच होते. एका टोकाला मोटारसायकलसारखे हँडल असलेली एनएसयू कंपनीची चिमुकली केटेनक्राड, तर दुसऱ्या टोकाला बिघडलेले रणगाडे ओढून नेणारी अठरा टनी फामो. मॉडेल करणाऱ्यांचे सर्वाधिक प्रश्न मात्र दोन चिलखती गाड्यांविषयी असतात. डेमाग कंपनीच्या सांगाड्यावरची २५० ही लहान, आणि हॅनोमाग कंपनीच्या सांगाड्यावरची २५१ ही मध्यम. २५१ पंधरा हजारांहून अधिक बनल्या आणि २५० साडेसहा हजारांच्या पुढे. किटच्या डब्यावर आकड्याआधी जी लांबलचक अक्षरे छापलेली असतात, त्यांचा अर्थ ‘विशेष उपयोगाचे वाहन’ एवढाच आहे. पुढील उत्तरांत म्हणून नुसते आकडेच वापरले आहेत.

अमुक एक किट ‘अचूक’ आहे, असे म्हणता येते का?

नुसते तसे म्हणून काहीच कळत नाही. किट कोणत्या महिन्यातल्या, कोणत्या आघाडीवरच्या गाडीसाठी अचूक आहे, हे विचारले तरच उत्तर मिळते. २५१ ही १९३९ ते १९४५ या काळात सतत बदलत गेलेली गाडी आहे. तिचा आकार, शस्त्र, रंग, दिवे, अँटेना हे सारे बदलले, आणि हे बदल एकाच दिवशी झाले नाहीत. त्यामुळे एखाद्या किटमधला प्रत्येक सुटा भाग खऱ्या गाडीशी तंतोतंत जुळत असूनही, ते सारे भाग एकाच गाडीवर कधीच एकत्र आले नसतील, असे सहज घडते.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एका दुकानातून जुना डबा आणला. वरच्या चित्रात १९४० चा फ्रान्स, झाडांची रांग, करड्या रंगाची गाडी. डबा उघडून पाहिला तर आत दोन्ही मशीनगन एमजी ४२. ही बंदूक सैन्यात आली १९४२ मध्ये. किट वाईट नव्हते. चित्र काढणाऱ्याची आणि साचे करणाऱ्याची गाठ पडली नव्हती, इतकेच. तेव्हापासून डब्यावरचे चित्र मी पुरावा म्हणून धरत नाही. आधी तारीख ठरवतो, मग किट उघडतो.

२५१ च्या ए, बी, सी आणि डी या आवृत्त्या कशा ओळखाव्यात?

गाडीकडे तीन ठिकाणी पाहावे : नाक, बाजू आणि पाठ.

नाक पाहिले की ए-बी एकीकडे आणि सी-डी दुसरीकडे होतात. ए आणि बी यांच्या इंजिनासमोरचे चिलखत दोन पत्र्यांचे असून मध्ये घडी दिसते. १९४० च्या मध्यापासून आलेल्या सी आवृत्तीत तिथे एकच सपाट, तिरका पत्रा आहे. सी आवृत्तीत इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हवेसाठी चिलखती उंचवटेही दिसतात. ए आणि बी यांच्यातला फरक बाजूला सापडतो. ए आवृत्तीत मागच्या, म्हणजे सैनिक बसतात त्या कप्प्याच्या भिंतींना पाहण्यासाठी झडपा होत्या, बी आवृत्तीत त्या काढून टाकल्या. चालकाशेजारच्या झडपा दोन्हींत आहेत, त्यामुळे मोजताना घोटाळा करू नये.

पाठ मात्र सर्वांत बोलकी आहे. ए, बी आणि सी या तिन्हींची मागची भिंत कोन करून आत वळते आणि दारे त्या कोनातच बसवलेली असतात. १९४३ च्या उत्तरार्धात डी आवृत्ती आली तेव्हा जर्मन उद्योगाला पोलाद आणि कामाचे तास दोन्ही वाचवायचे होते. त्यामुळे मागची भिंत एकाच उताराची झाली, बाजूच्या सामानपेट्या अंगाशीच जोडल्या गेल्या, उघडझाप करणाऱ्या झडपांच्या जागी साध्या चिरा आल्या आणि पत्र्यांची संख्या सुमारे निम्म्यावर आली. छायाचित्रात पाठ दिसत नसेल तर पेट्या पाहाव्यात. मडगार्डच्या वर सलग पेट्या असतील तर ती डी.

सी आवृत्तीची बहुतेक अंगे वेल्डिंगची असली तरी काही रिव्हेटची आहेत. म्हणून रिव्हेट दिसताच ‘किट चुकले’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

२५० चे प्रकरण सोपे आहे. तिच्या ‘जुनी’ आणि ‘नवी’ अशा दोनच तऱ्हा आहेत. १९४३ च्या ऑक्टोबरपासून आलेल्या नव्या तऱ्हेत अंगाचे पत्रे १९ वरून ९ वर आणले गेले. जुनी तऱ्हा पैलू पाडल्यासारखी दिसते, तर नवीच्या बाजू सपाट आहेत.

किट मापात बरोबर आहे का, हे घरच्या घरी कसे तपासावे?

व्हर्निअर कॅलिपर घ्यावा आणि रुंदीपासून सुरुवात करावी. खऱ्या २५१ ची रुंदी २.१० मीटर आहे, म्हणजे १/३५ मापात बरोबर ६० मिलिमीटर. उंची १.७५ मीटर, म्हणजे ५० मिलिमीटर. ए ते सी आवृत्त्यांची लांबी ५.८० मीटर, म्हणजे १/३५ मध्ये सुमारे १६५.७, १/४८ मध्ये १२०.८ आणि १/७२ मध्ये ८०.६ मिलिमीटर. पट्टा २८० मिलिमीटर रुंद आणि त्याच्या एका कडीची लांबी १४० मिलिमीटर. १/३५ मध्ये हे आकडे ८ आणि ४ इतके सुटसुटीत येतात, त्यामुळे पट्ट्यावरची तपासणी सर्वांत लवकर होते.

अर्ध्या-एक मिलिमीटरच्या फरकावर वाद घालण्यात काही अर्थ नाही. चुकीचा कोन मात्र डोळ्याला लगेच खुपतो. २५१ चे सारे रूप तिच्या तिरक्या भिंतींत आहे. वरची भिंत आत झुकते, खालची बाहेरून आत येते आणि दोघींची धार मडगार्डच्या जरा वर मिळते. ही धार खालीवर झाली की गाडी एक तर फुगलेली दिसते, नाही तर चेपलेली.

जाता जाता १/३५ या विचित्र मापाविषयी. त्यामागे कोणतेही लष्करी कारण नाही. तामिया या जपानी मॉडेल कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या पँथर रणगाड्यात मोटर आणि बॅटऱ्या बसतील असा आकार ठरवला. नंतर मोजल्यावर ते माप सुमारे १/३५ भरले आणि पुढे तेच रूढ झाले.

वरच्या उघड्या कडा जाड का दिसतात?

कारण त्या खरोखरच जाड असतात, आणि या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष जाते. खऱ्या गाडीच्या बाजूचे चिलखत ८ मिलिमीटर आणि पुढचे १४.५ मिलिमीटर. १/३५ मध्ये ते अनुक्रमे ०.२३ आणि ०.४१ मिलिमीटर व्हायला हवे. साच्यात ओतलेले प्लॅस्टिक इतके पातळ टिकत नाही, ते सहसा एक मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे मॉडेलमधल्या गाडीला ३५ मिलिमीटरचे चिलखत चढते. बंद रणगाड्यात हे झाकून जाते, पण हाफ-ट्रॅकला छप्परच नाही आणि पाहणारा वरूनच पाहतो.

यावर उपाय आहे तो कडेपुरता. आतल्या बाजूने, वरच्या तीन-चार मिलिमीटरच्या पट्टीत, धारदार पाते आडवे धरून प्लॅस्टिक खरवडत न्यावे आणि शेवटी ४०० व ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट करावे. संपूर्ण भिंत पातळ करण्याची गरज नाही, कारण डोळा जाडी कडेवरूनच जोखतो. दारांच्या आणि झडपांच्या कडाही अशाच घ्याव्यात. एका मॉडेलला या कामासाठी एक संध्याकाळ जाते, आणि महागड्या धातूच्या सुट्या भागांपेक्षा तिचा परिणाम जास्त दिसतो, असे माझे मत आहे.

चाके आणि पट्टे यांत कोणत्या चुका नेहमी आढळतात?

पहिली चूक जोडणीची. जर्मन हाफ-ट्रॅकची चाके एकात एक गुंतलेली असतात. आतली, मधली आणि बाहेरची रांग एकमेकींवर चढलेली असते, आणि पट्ट्यावरचा दात त्यांच्या मधल्या फटीतून जातो. क्रमात एक चाक चुकले तर पट्टा बसत नाही आणि तोवर गोंद वाळलेला असतो. म्हणून सर्व चाके आधी न चिकटवता आसांवर लावून पाहावीत. डाव्या आणि उजव्या बाजूची चाके समोरासमोर नसतील तर घाबरू नये. स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्या गाडीच्या पोटातून एकीशेजारी एक आडव्या जातात, त्यामुळे एका बाजूची चाके दुसरीपेक्षा थोडी पुढे-मागे येतात. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या तंतोतंत जुळणारे किट असेल तर तेच संशयास्पद समजावे.

दुसरी चूक रंगाची. पुष्कळ जण हे पट्टे रणगाड्यासारखे रंगवतात, म्हणजे गंजलेले आणि उंच भागांवर चकाकते पोलाद. या पट्ट्यांच्या प्रत्येक कडीवर रबराची गादी बसवलेली असे. जमिनीला लागणारा भाग रबराचा असल्यामुळे तो चकाकत नाही, धुळकट काळा-करडा दिसतो. गादी झिजून किंवा तुटून गेलेल्या एखाद्या कडीवर धातू दाखवावा, सगळीकडे नव्हे. कड्या वंगण भरलेल्या बेअरिंगवर फिरत असल्याने सांध्यांजवळ तेलकट डाग मात्र चालतील.

पुढच्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळत नाही, ती फक्त दिशा देतात. वळण तीव्र झाले की आतल्या बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लागतो. मॉडेलमध्ये चाके वळवून दाखवायची असतील तर चालकाच्या हातातले चक्रही वळवावे. हे चक्र उलट्या कलाने बसवलेले आहे. पुढचे चिलखत चालकाच्या अंगावर येते आणि त्या उताराखाली नेहमीसारखे चक्र मावत नाही. काही जण किटमधला तो भाग ‘चुकीचा’ समजून सरळ करतात. तसे करू नये.

डब्यावर तिरप्या रेघेनंतर जो आकडा असतो, तो किती महत्त्वाचा?

फार महत्त्वाचा. २५१/१ म्हणजे सैनिक वाहणारी मूळ गाडी. २५१/३ संदेशवहनाची, २५१/७ पूल आणि अडथळे सांभाळणाऱ्या इंजिनिअरांची, २५१/८ रुग्णवाहिका, २५१/९ वर आखूड नळीची ७.५ सेंटिमीटर तोफ, २५१/१६ वर ज्वालाफेकी यंत्र. हे आकडे आणि ए ते डी ही अक्षरे वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, आणि दोन्हींचा मेळ तारखेशी घालावा लागतो. तीन नळ्यांच्या विमानी तोफा असलेली २५१/२१ आणि ७.५ सेंटिमीटरची लांब रणगाडाविरोधी तोफ असलेली २५१/२२ या १९४४ च्या गाड्या आहेत. त्या डी आवृत्तीच्याच अंगावर हव्यात.

२५१/९ मध्ये एक बारकावा आहे. सुरुवातीच्या गाड्यांत तोफ बसवण्यासाठी चालकाशेजारचा पुढचा पत्रा कापलेला दिसतो. १९४४ मध्ये तोफेची बैठक बदलली आणि ती अंगाच्या वर ठेवली गेली. हीच बैठक २५० आणि २३४ या आठचाकी चिलखती गाडीवरही वापरली आहे. त्यामुळे किटमध्ये एखादा भाग ‘दुसऱ्याच गाडीचा’ वाटला तरी तो खरा असू शकतो.

कोणता रंग द्यावा?

रंगाविषयी सर्वांत जास्त भांडणे होतात, आणि सर्वांत कमी खात्री देता येते तीही रंगाचीच. हुकूम कोणते निघाले ते ठाऊक आहे. १९४० च्या मध्यापर्यंत दोन तृतीयांश गडद करडा आणि एक तृतीयांश गडद तपकिरी. त्यानंतर फक्त गडद करडा, म्हणजे जर्मन रंगसूचीतला रॅल ७०२१. आफ्रिकेसाठी मार्च १९४१ मध्ये पिवळट तपकिरी रॅल ८००० आणि त्यावर करडा-हिरवा रॅल ७००८, तर मार्च १९४२ मध्ये रॅल ८०२० आणि रॅल ७०२७. अखेर १८ फेब्रुवारी १९४३ चा हुकूम : मूळ रंग गडद पिवळा, आणि त्यावर गरजेप्रमाणे रॅल ६००३ हिरवा व रॅल ८०१७ लालसर तपकिरी.

हे दोन वरचे रंग घट्ट लगद्याच्या रूपात तुकड्यांना पोचत आणि पेट्रोल किंवा पाणी घालून सैनिक ते स्वतः मारत. हाताशी पेट्रोल किती, फवारणीचे यंत्र आहे की नुसता झाडू, यावर रंगाच्या पट्ट्यांचा दाटपणा ठरे. एकाच तुकडीतल्या दोन गाड्या वेगळ्या दिसत त्या यामुळेच. तेव्हा बाटलीतला पिवळा दुसऱ्या कंपनीच्या पिवळ्यापेक्षा अर्धी छटा हिरवट आहे, यावर रात्र जागवू नये. हुकूम निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या रंगल्या असे समजणे ही खरी मोठी चूक आहे. १९४३ च्या वसंतात रशियात करडी गाडी दाखवली तर ती मुळीच चूक नव्हे.

आतून हस्तिदंती रंग द्यावा ना? रणगाड्यांना तसाच असतो.

नाही. हस्तिदंती रंग बंद वाहनांच्या आतल्या भागासाठी होता. उघड्या गाडीत तो विमानातून उठून दिसला असता. २५० आणि २५१ यांच्या आत बाहेरचाच मूळ रंग द्यावा. करड्या काळात बनून पुढे पिवळी रंगवलेली जुनी गाडी असेल, तर आत करडा ठेवून बाहेर पिवळा देणेही पटण्यासारखे आहे.

झिमेरिटचा लेप द्यावा का?

नाही. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून १९४३ च्या उत्तरार्धापासून वर्षभर दिला गेलेला तो लेप मुख्यतः रणगाडे आणि पट्ट्यांवर चालणाऱ्या तोफांवर असे.

छायाचित्रे कुठे मिळतील आणि त्यांवर किती विसंबावे?

जर्मनीच्या बुंडेसआर्काइव्ह या राष्ट्रीय अभिलेखागाराने डिसेंबर २००८ मध्ये सुमारे ऐंशी हजार चित्रे विकिमीडिया कॉमन्सवर खुली केली. त्यांत हाफ-ट्रॅकची चित्रे विपुल आहेत. यातली बरीचशी प्रचार-तुकड्यांच्या छायाचित्रकारांनी काढलेली आहेत आणि मूळ मथळे तसेच ठेवलेले आहेत. त्यामुळे मथळ्यातले ठिकाण किंवा तारीख चुकीची असू शकते. चित्रातील वस्तू मात्र खोटे बोलत नाहीत. सेनापती गुडेरियन १९४० मध्ये फ्रान्समध्ये संदेशवहनाच्या २५१ मध्ये उभे असल्याचे प्रसिद्ध चित्र पाहावे. खाली एनिग्मा या सांकेतिक संदेशांच्या यंत्रावर माणसे काम करताना दिसतात. आतली मांडणी, तारा, माणसांची दाटी, कागद ठेवायच्या जागा हे सारे एका चित्रात मिळते. संदेशवहनाची गाडी करणाऱ्याने ते भिंतीवरच लावावे.

अलीकडे रंग भरलेली जुनी चित्रे फिरत असतात. रंगाचा पुरावा म्हणून त्यांचे मूल्य शून्य आहे. रंग भरणाऱ्यानेही आपल्यासारखाच अंदाज बांधलेला असतो.

संग्रहालयातील किंवा चित्रपटातील गाडी पाहून मॉडेल केले तर?

आधी ती खरोखर जर्मन आहे का, हे पाहावे. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाने डी आवृत्तीवर बेतलेली ओटी-८१० ही गाडी १९५० च्या दशकाच्या अखेरीस बनवायला घेतली. तिच्यात टाट्राचे हवेने थंड होणारे डिझेल इंजिन आणि सैनिकांच्या कप्प्यावर बंद छप्पर होते. पुढे छप्पर काढून, रंग देऊन अशा कितीतरी गाड्या चित्रपटांत आणि हौशी प्रदर्शनांत २५१ म्हणून उभ्या राहिल्या. खऱ्या २५१ मध्ये १०० अश्वशक्तीचे, पाण्याने थंड होणारे मायबाखचे पेट्रोल इंजिन होते. म्हणून नाकाजवळची हवेची रचना आणि इंजिनावरची झाकणे नीट पाहावीत, फरक तिथेच सापडतो.

दुरुस्त केलेल्या खऱ्या गाड्यांतही नवे पत्रे, नवे बोल्ट आणि आजचा रंग असतो. आकारासाठी संग्रहालय आणि रंग-सामानासाठी युद्धकाळातील चित्र, अशी विभागणी मी पाळतो.

डिकलमध्ये, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांत, स्वस्तिक तुकड्यांत का असते?

जर्मनीच्या दंडसंहितेतील कलम ८६-अ नुसार नाझी चिन्हांचे प्रदर्शन, काही अपवाद वगळता, गुन्हा आहे. तिथे माल विकायचा म्हणून कंपन्या हे चिन्ह गाळतात किंवा दोन तुकड्यांत छापतात. आपल्या दारावरच्या स्वस्तिकाशी याची गल्लत घरातली वडीलधारी माणसे हमखास करतात. मॉडेल कपाटात ठेवण्याआधी हे काय आहे आणि का आहे, ते सांगून टाकावे. हाफ-ट्रॅकवर हा प्रश्न मुख्यतः आपल्याच विमानांना ओळख पटावी म्हणून इंजिनावर पसरलेल्या झेंड्यापुरता येतो. गाडीच्या अंगावरचे चिन्ह काळा-पांढरा क्रूस हे आहे. नंबरपाटीवर भूदलासाठी ‘डब्ल्यूएच’ आणि हवाई दलासाठी ‘डब्ल्यूएल’ असते. हवाई दलाच्या तोफेची गाडी करून तिला भूदलाची पाटी लावणे ही नेहमीची चूक आहे.

मराठा पलटणींशी संबंधित देखावा करायचा आहे. कोणती गाडी घ्यावी?

खरा संबंध हवा असेल तर लिबियातले टोब्रुक. २० जून १९४२ रोजी जर्मन सेनापती रोमेलच्या सैन्याने तटबंदी फोडली ती आग्नेय बाजूने. तिथे ११ व्या भारतीय ब्रिगेडमधील पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडले. या तारखेने निम्मे प्रश्न सुटतात. डी आवृत्ती नाही, नवी २५० नाही, गडद पिवळा नाही. त्या उन्हाळ्यात रोमेल स्वतः ‘ग्राइफ’ नाव लिहिलेल्या २५०/३ मधून फिरत होते. ती जुन्या तऱ्हेची आहे आणि तिची किट्स मिळतात. रंग मार्च १९४२ च्या हुकुमातला असेलच असे नाही. आधीच्या वर्षीचा पिवळट तपकिरी, त्याखालून डोकावणारा करडा आणि वर वाळूची धूळ असे दाखवणे अधिक सुरक्षित. वीस लिटरच्या डब्यांपैकी पाण्याच्या डब्यांवर पांढरा क्रूस काढावा. मशीनगन एमजी ३४ च ठेवावी.

नाईक यशवंत घाडगे यांच्या पराक्रमाचा देखावा करताना मात्र हाफ-ट्रॅक ठेवू नये. इटलीत, वरच्या टायबरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी त्यांनी एकट्याने चाल केली ती मशीनगनच्या ठाण्यावर. त्या प्रसंगात गाडी नाही.

चिलखती पत्रा जवळून पाहायचा असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जावे. मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, शर्मन हे त्याच युद्धातले रणगाडे तिथे उभे आहेत. वेल्डिंगची रेघ किती ओबडधोबड असते, ओतीव पोलाद किती खरबरीत असते आणि पायांनी झिजलेल्या कडेवर रंग कसा उडतो, हे किटच्या पुस्तिकेपेक्षा तिथे चांगले दिसते. जाताना मोजपट्टी आणि वही न्यावी. छायाचित्रे काढण्याविषयी दारावर आधी विचारून घ्यावे.